माजघरातला हर्णैचा समुद्र

मामंजी, तुमच्याशी सरळ बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं तुमच्या ताटात वाढलं, तुमची धोतरं वाळत घातली, तुमच्या चष्म्याच्या काचा पुसून ठेवल्या, पण "चहा टाकू का?" एवढंही कधी तुमच्या तोंडावर विचारलं नाही. आपल्या घरची रीतच तशी. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही, सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही, मधे सासूबाई हव्यात. तुम्ही त्यांना विचारणार, त्या मला विचारणार, मी त्यांना सांगणार आणि त्या तुम्हाला सांगणार. हे सगळं एका दाराच्या अलीकडे-पलीकडे, प्रत्येकाला प्रत्येकाचं नीट ऐकू येत असताना. आंजर्ल्याला आमच्याकडे असलं काही नव्हतं. लग्न होऊन नगरला आले तेव्हा मला सुरुवातीला हसू यायचं, पुढे पुढे राग यायला लागला.

परवा तुमचं तेरावं झालं. काल पाहुणे गेले. ओटीवर बसून लोक तुमच्याविषयी बोलत होते. शिस्तीचे मास्तर, भूगोल तोंडपाठ, छडी एकदाही वाया न घालवणारे. सगळं खरंच आहे. पण मी आत चहा गाळत ऐकत होते आणि मला वाटत होतं, की यांना आमच्या माजघरातला समुद्र कुठे ठाऊक आहे? ज्यांनी तो पाहिला त्या सगळ्या बायका, आणि बायकांना ओटीवर बोलायला कोण बसवतं?

तो लढाईचा काळ. रॉकेलला रांगा, साखर चिठ्ठीवर. तुमचे चिरंजीव कोपरगावकडे साखर कारखान्यात कारकून, महिन्यातून एकदा घरी यायचे, तेही झोपायला. मला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर तुमच्याकडचीही रीत. पण सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "यंदा पाठवायचं नाही." शेजारच्या वकिलीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की समुद्रात सुरुंग पेरलेत आणि आगबोटी उडतायत. काही आगबोटी सरकारनं लढाईला नेल्या होत्या हे खरं होतं. उरलेल्या कधी यायच्या, कधी नाही. त्यात पावसाळा लागला की आंजर्ल्याला जायची हर्णैची बोट बंदच. म्हणजे जायचं तर वैशाखातच, नाही तर दिवाळीपर्यंत नाव नको. आणि तिकडे आईचा दमा वाढला होता. भावाचा निरोप आला होता, की ती रोज विचारते, मुलगी कधी येणार. मी न्हाणीघरात जाऊन रडून घ्यायची आणि डोळे धुऊन बाहेर यायची. तुम्ही वाचत बसलेले असायचा. तुम्हाला दिसत होतं की नाही, मला कळायचं नाही.

मग चैत्रगौर बसली, आणि एके दिवशी तुम्ही माळ्यावरून ती किल्लीची आगगाडी काढलीत. कँपातल्या कुणा साहेबाच्या लिलावात घेतलेली. हिरवं इंजिन, पत्र्याचे डबे आणि गोल जोडायचे रूळ. शाळेत मुलांना दाखवायला म्हणून घेतली होती आणि मुलांनी मोडू नये म्हणून कधी दाखवली नव्हती. तुम्ही ती माजघरात फडक्यानं पुसत बसलात आणि म्हणालात, "यंदाची गौरीची आरास मी करणार आहे."

सासूबाईंच्या हातातलं काम थांबलं. हळदीकुंकवाची आरास म्हणजे बायकांचं राज्य. दर वर्षी त्याच करायच्या. पायऱ्या, त्यांवर जरीचं वस्त्र, कलिंगडाचं कमळ, पुठ्ठ्याचा बंगला. "तुम्ही? आणि काय करणार?"

"आगगाडी समुद्राला न्यायची आहे. विचार तिला, तिच्या गावाहून समुद्र किती लांब?"

मी दाराआड होते. सासूबाई मागे वळून म्हणाल्या, "विचारतायत, समुद्र किती लांब?" मी म्हटलं, "घराच्या मागल्या दारी." त्या पुन्हा पुढे वळल्या. "मागल्या दारी आहे म्हणे." आणि मग स्वतःच्याच आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, इतका जवळ?"

तिथून सुरू झालं. मामंजी, तीस-पस्तीस वर्षं तुम्ही मुलांना भूशिरं आणि आखातं शिकवलीत, भारताचा किनारा डोळे मिटून काढायचात, आणि समुद्र मात्र जन्मात पाहिला नव्हतात. याची तुम्हाला लाज नव्हती, हे मला तेव्हाच फार आवडलं. दुसरा कुणी असता तर पुस्तकातलं ठोकून दिलं असतं. तुम्ही विचारायचात. लाट येते ती सगळ्या किनाऱ्यावर एकदम येते की एका टोकाकडून? वाळू कोरडी कुठवर आणि ओली कुठून? माड उभे असतात की वाकलेले? मी सांगितलं, पाण्याकडे वाकलेले. तोवर तुम्ही केरसुणीच्या काड्यांना हिरवा कागद लावून रांगेत उभे केले होते, कवायतीला आणल्यासारखे. निरोप पोचल्यावर तुम्ही एकेक काडी वाफेवर धरून वाकवलीत. बोटं भाजून घेतलीत आणि कुणाला सांगितलं नाहीत. मला कळलं, कारण त्या दिवशी तुम्ही भाकरी डाव्या हातानं मोडत होता.

सह्याद्री तुमच्या हातचाच करावा. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, त्यात मेथीचं पीठ, कीड लागू नये म्हणून. घरभर त्या मेथीचा वास. शाळेच्या उठावाच्या नकाशांवर घालवलेलं सगळं आयुष्य त्या डोंगरांत उतरलं होतं. घाटाचा चढ, बोगदा, खाली उतरताना हिरवा होत गेलेला रंग. नगर स्टेशनपाशी झाड एक नाही आणि घाट उतरला की दाटी. मी आत उभी राहून फटीतून बघत होते. माझ्या गावाला आगगाडी कधी गेली नव्हती आणि कधी जाईल असं वाटतही नव्हतं. तुम्ही ती सरळ हर्णैच्या वाळूत नेऊन सोडलीत. पुठ्ठ्याच्या पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलंत, "हर्णै. आंजर्ल्यास जाणाऱ्यांनी येथे उतरावे." ती पाटी वाचून मी न्हाणीघरात गेले. त्या वेळी मात्र रडायला नाही, हसायला.

आपली भांडणंही झाली, सासूबाईंच्या तोंडून. दीपगृह तुम्ही देवळापुढच्या दीपमाळेसारखं केलंत, दगडी हात बाहेर आलेलं. मी निरोप धाडला, दीपगृह गुळगुळीत असतं. तुमचं उत्तर आलं, "मग दिवे कशावर ठेवतात?" मी म्हटलं एकच दिवा असतो. तुम्ही म्हणालात, "एवढ्या समुद्राला एक? कंजूषपणा आहे." दीपमाळ तशीच राहिली, प्रत्येक हातावर ज्योत. हर्णैला मासळीचा एवढा मोठा बाजार, पण गौरीपुढे मासे कसे ठेवणार? म्हणून गाळणीच्या जुन्या फडक्यांची जाळी वाळत घातलीत आणि मासे मनात समजायचे ठरलं. हर्णैचा किल्ला तेवढा विचारावा लागला नाही. नगरच्या माणसाला किल्ला कोण शिकवणार! आणि समुद्राच्या पलीकडे भिंतीवर तुम्ही गेरूनं उंट काढलेत. मी कळवलं, समुद्राला पलीकडचा काठ नसतो. तुम्ही ठणकावून सांगितलंत, "समोर अरबस्तान आहे. दिसत नाही म्हणून नाही असं कसं?" मी म्हटलं, "जे दिसत नाही ते आराशीत कशाला?" त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसलात. हा वाद तसाच राहिला, आणि मी माझा मुद्दा सोडलेला नाही.

पण तुमचे खरे प्रश्न निराळेच होते. ते तेव्हा मला नीट कळलेच नाहीत. आगबोट धक्क्याला लागते का? मी सांगितलं, हर्णैला धक्का नाही. बोट समुद्रात उभी राहते, किनाऱ्यावरून पडाव येतात, त्यांत उतरायचं. हे पुढे सांगता सांगता सासूबाई माझ्याकडेच वळल्या. "मधल्या समुद्रात? बाईमाणसानं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "विचार, शिडी असते का? धरायला काय असतं? खाली हात द्यायला कोण असतं?" मी सांगत गेले. शिडी असते, दोर असतो, खारवी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात, माझी आजी सत्तरीत उतरली होती. "आणि पडाव वाळूला लागतो?" नाही, पाणी उथळ झालं की बैलगाडी पाण्यात येते, तीत बसून कोरड्यावर.

"बैल?" सासूबाई म्हणाल्या. "समुद्रात बैल येतात?"

"गुडघाभर पाण्यात येतात."

"असं होय." त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. "बैल असले म्हणजे मग ठीक आहे." आणि स्वतः उठून त्यांनी फडताळातली पोळ्याची मातीची बैलजोडी आणून तुमच्या समुद्राशेजारी ठेवली. बैल आगगाडीहून मोठे होते, बोट तर त्यांच्या पोटाखालून गेली असती. तुम्ही ते तसेच राहू दिलेत. नकाशात प्रमाण चुकलं म्हणून मुलांच्या हातावर छडी ओढणारे तुम्ही!

समुद्र मात्र तुम्ही मैद्याच्या खळीचा केलात, नीळ घालून. ओतला तेव्हा काय सुरेख दिसत होता! सकाळी उठून पाहतो तो चैत्राच्या उकाड्यानं सगळा तडकलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा. हळदीकुंकू त्याच दुपारी. भांडी घासायला येणारी सखूबाई, तिसगावकडची, ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यो समुद्र हाय व्हय? मला वाटलं आमचंच रान हाय. त्येबी असंच उलतंय."

तुम्ही खो खो हसलात. तुम्हाला इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सखूबाईनं विचारलं, "यवढं पानी असतंय तर पितात का तितली मान्सं?" सासूबाई म्हणाल्या, "खारट असतं गं ते." सखूबाई म्हणाली, "मंग आमी बरे. न्हाई ते न्हाई, पर जे हाय ते ग्वाड हाय." आणि भांड्यांना गेली.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. दुपारी बायका येणार आणि समुद्राला भेगा! त्या तरातरा आत गेल्या, ट्रंक उघडली आणि निळी इरकल काढून आणली. माहेरची, ठेवणीतली. त्या भेगांवर पसरली आणि मांडी घालून बसून स्वतःच्या हातानं निऱ्या घालायला लागल्या, एकेक लाट. "इथं फेस येतो ना गं? किती लांब येतो?" मला विचारलं. तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी. मी कापूस दिला. त्यांनी तो पिंजून काठावर लावला.

मामंजी, जन्मभर खळ शिजवून नकाशे चिकटवणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात खळ तडकते हे ठाऊक नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही. पुढे एकदा सासूबाईंनी तुम्हाला तसं विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चुकलं असेल." तुम्ही आणि चुकलं असेल म्हणणार!

दुपारी आळीतल्या सगळ्या बायका आल्या. आंब्याची डाळ, पन्हं, ओले हरभरे. गाडीची किल्ली मी फिरवत होते. पुरुषांनी आत येण्याची सोय नव्हती, म्हणून त्या दिवशी दाराआड तुम्ही उभे होता. मला तुमच्या धोतराचा काठ दिसत होता. मला फार मजा वाटली त्याची. गाडी घाटातून निघाली, बोगद्यात शिरली, वाळूत येऊन थांबली. बायका वेड्या झाल्या. हे काय, ते काय, सगळ्या एकदम विचारायला लागल्या. मी तोंड उघडण्याआधी सासूबाईंनी तुमची छडी घेतली.

"ही आगबोट. इथं धक्का नाही, बरं का. बोट इथं लांब उभी राहते. मग शिडी. शिडीला दोर असतो, आणि खाली खारवी हात द्यायला. भिण्यासारखं काही नाही, हिची आजी सत्तरीत उतरली. मग पडाव. मग ही बैलजोडी, गुडघाभर पाण्यात. की आलं हर्णै. पुढं खाडी ओलांडायला तर असते, म्हणजे होडी, तरीत बसलं की समोर आंजर्लं." त्या थांबेचनात. दीपगृहाचे दिवे, माडांचा कल, भरती-ओहोटी. समुद्र पाहिलेली त्या खोलीत मी एकटी, आणि मी तोंडाला पदर लावून ऐकत होते.

वकिलीणबाईंनी पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं. "आणि सुरुंग?"

"कुठले हो सुरुंग? रोज लोक जातायत-येतायत. मला काय कळत नाही?"

"मग सूनबाईंना पाठवताय म्हणा की बाळंतपणाला."

सासूबाईंनी छडीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. त्यांच्याच साडीचा समुद्र, त्यांच्याच हातच्या लाटा, त्यांचेच बैल. आता तो धोक्याचा आहे असं त्या कुठल्या तोंडानं म्हणणार होत्या? "पाठवणारच आहे," त्या म्हणाल्या. "वैशाखात. बोटी बंद व्हायच्या आत."

दाराआड तुम्ही खोकलात. एवढंच.

मला त्या क्षणी कळलं. इतके दिवस तुम्ही मला काही विचारतच नव्हता, मामंजी. मला मधे घालून तुम्ही त्यांना शिकवत होता. ज्या रीतीचा मला राग यायचा, तिचाच तुम्ही वर्ग केलात. प्रत्येक प्रश्न त्यांच्या तोंडून मला आणि प्रत्येक उत्तर त्यांच्या तोंडून तुम्हाला, म्हणजे सगळा रस्ता त्यांच्या तोंडून दोनदा गेला. तुम्ही घरातले कर्ते. "पाठवायची" म्हणून हुकूम सोडला असतात तर मी गेलेच असते. पण त्या मागे भीतीनं आणि अपमानानं झुरत बसल्या असत्या आणि परतल्यावर माझ्याशी धड बोलल्या नसत्या. तुम्ही त्यांनाच पाठवू दिलंत. असा मास्तर मी पाहिला नाही. शाळेतल्या मुलांना तुमची छडी मिळाली, आम्हाला तुम्ही मिळालात.

धाकटा भाऊ न्यायला आला. दौंडपर्यंत तुम्ही सोबत आलात. डब्याच्या खिडकीपाशी येऊन माझ्या भावाला म्हणालात, "शिडीवर हिला आधी उतरू द्या, घाई करू नका," आणि गाडी सुटेपर्यंत घड्याळ बघत राहिलात. आता एक सांगते, ते मधे कुणाला कळू देऊ नका. त्या दिवशी हर्णैला पाण्यात बैलगाडी नव्हतीच. दोघा खारव्यांनी मला खुर्चीत बसवून उचलून कोरड्यावर नेलं. सासूबाईंना मी बैलच सांगितले.

माझ्या मुलीला, कुसुमला घेऊन परत आले आणि मग तुम्हाला नवा मधला माणूस मिळाला. "कुसुम, तुझ्या आईला सांग, आमटी छान झालीये." तिला बोलताही येत नव्हतं, ती तुमच्या मिशा ओढायची. मी तिला सांगायची, "आजोबांना म्हणावं, औषध घ्यायचं राहिलंय." शेवटच्या आजारातही तसंच. त्या रात्री तुम्ही पाणी मागितलंत तेही तिचं नाव घेऊन. पाणी मी पाजलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मला वाटलं, आता काही म्हणाल. तुम्ही डोळे मिटलेत. मीही काही म्हटलं नाही.

मघाशी सासूबाई येऊन शेजारी बसल्या. विचारायला लागल्या, "एवढं काय लिहितेस?" मी म्हटलं, "मामंजींना लिहितेय." त्या चटकन म्हणाल्या, "काय ते मला सांग ना, मी सांगते त्यांना." बोलून गेल्या, आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. जमिनीला हात टेकून उठल्या. "तूच बोल आता," म्हणाल्या, आणि दार ओढून घेऊन आत गेल्या.

मामंजी, त्या पावसाळ्यात मी आईजवळ होते. दम लागत असताना तिनं माझं बाळंतपण केलं, कुसुमला न्हाऊ घातलं, माझी वेणी घातली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तेव्हा बोटी बंद होत्या, मला पोचता आलं नाही. मला माझी आई शेवटची भेटली ती तुम्ही पाठवलंत म्हणून. हे मला तुमच्यासमोर उभं राहून, तुमच्याकडे बघून सांगायचं होतं.